पाण्याकडे तोंड असलेलीं गांवें

दिवाळीची सुटी जवळ आली कीं घरोघरीं प्रवासाचे बेत सुरू होतात. एकत्र कुटुंबांत तर त्यासाठीं एक लहानसें मंत्रिमंडळच बसतें. आजोबांना देवदर्शन हवें असतें, मुलांना समुद्र हवा असतो, सुनांना चार दिवस स्वयंपाकघरापासून सुटका हवी असते, आणि मोटार चालविणाऱ्या चिरंजिवांना रस्ता चांगला हवा असतो. शेवटीं बहुमतानें कोंकण ठरतें. मग दुपारीं एक देऊळ, संध्याकाळीं एक पुळण, दुसरे दिवशीं एक किल्ला, असा क्रम होऊन मंडळी परत येते आणि कोंकण पाहिलें म्हणून सांगते.

या पाहण्यांत एक गोष्ट राहून जाते, आणि तीच आज आम्हांला वाचकांपुढें मांडावयाची आहे. कोंकणांतील जीं जुनीं नगरें इतिहासांत गाजलीं, तीं बहुतेक रस्त्याच्या कडेला वसलेलीं नव्हतीं. तीं पाण्याच्या कडेला वसलीं होतीं. त्यांचा दिंडीदरवाजा खाडीवर होता. आज आपण मोटारींतून जेथून शिरतों, ती त्यांची परसदारची बाजू होय. परसदारानें शिरून न्हाणीघर आणि माजघर ओलांडीत ओसरीवर आलेल्या पाहुण्यास घराची मांडणी जशी उलटी दिसावी, तशीं हीं गांवें आपणांस उलटीं दिसतात. म्हणून आमची सूचना अशी कीं, निदान एक वेळ तरी तीं पाण्यावरून पाहावीं, मुलांना बरोबर घेऊन पाहावीं, आणि फार दिवस न लावतां पाहावीं. फार दिवस कां लावूं नयेत, तें ओघानें पुढें येईलच.

आम्हीं पुष्कळ वर्षें इतिहास आणि भूगोल हे विषय शिकविले. चौल, दाभोळ, राजापूर हीं "प्राचीन बंदरें" मुलें परीक्षेपुरतीं पाठ करीत. परंतु बंदर तेथेंच कां झालें, दोन कोस अलीकडे किंवा पलीकडे कां झालें नाहीं, हा प्रश्न पुस्तकांत नसे. त्याचें उत्तर जमिनीच्या ठेवणींत आहे. सह्याद्रि आणि समुद्र यांच्यामधील पट्टी अरुंद आहे. तींतील नद्या आंखूड. पण त्यांच्या मुखांतून भरतीचें पाणी कित्येक मैल आंत शिरतें. सडका नव्हत्या तेव्हां माल ओझ्यानें वाहून नेण्यापेक्षां भरतीच्या पाठीवर घालून नेणें शतपटींनीं सोपें होतें. मोठें जहाज मुखाशीं थांबे. तेथून माल पडावांत आणि मचव्यांत उतरे. भरती जेथपर्यंत नेईल तेथपर्यंत तो आंत जाई. आणि भरती संपली कीं बैलांच्या पाठीवर बसून घाट चढे. त्यामुळें प्रत्येक मोठ्या खाडीवर गांवांची एक जोडी दिसते: एक मुखाशीं, दुसरें भरतीच्या शेवटाशीं, आणि दुसऱ्याच्या मागें एक घाट. वाशिष्ठीवर दाभोळ आणि चिपळूण, मागें कऱ्हाडकडे चढणारा कुंभार्ली घाट. सावित्रीवर बाणकोट आणि महाड, मागें वरंध घाट. राजापूरच्या खाडीवर जैतापूर आणि राजापूर, मागें अणस्कुऱ्याचा घाट. एवढी एक किल्ली हातीं आली कीं नकाशांतील नांवें पाठ करण्याचें कारण उरत नाहीं. तीं आपोआप जागच्या जागीं बसतात.

आतां एकेक खाडी पाहूं.

प्रथम कुंडलिकेचें मुख घेऊं. अलिबागच्या दक्षिणेस चौल आणि रेवदंडा हीं गांवें एकमेकांस लागून आहेत. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत जें चेमुल या नांवानें येतें, दहाव्या शतकाच्या आरंभीं अरब प्रवासी अल्-मसूदी जें सैमूर म्हणून पाहून गेला, आणि पंधराव्या शतकांत अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकावयाचा एक घोडा बरोबर घेऊन जेथें उतरला, तेंच हें चौल. पोर्तुगीजांनीं १५२१ सालीं खाडीच्या तोंडाशीं आपला किल्ला बांधावयास घेतला. तो आजचा रेवदंडा. १७४० सालीं तो मराठ्यांकडे आला. मोटारीनें जाणारास हा किल्ला मोठा चमत्कारिक वाटतो. रस्ता तटास छेदून आंत शिरतो, आंत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि घरें लागतात, आणि थोड्याच वेळांत तटाच्या दुसऱ्या बाजूनें आपण बाहेर पडतों. किल्ला कोणापासून कोणाचें रक्षण करीत होता, याचा बोध होत नाहीं. तोच किल्ला एखाद्या होडींतून खाडीच्या मध्यावर जाऊन पाहिला म्हणजे कोडें सुटतें. उत्तरेस रेवदंड्याचा तट आणि दक्षिणेस समुद्रांत घुसलेला कोर्लईचा डोंगर, त्यावरही किल्ला. जहाजास आंत जाण्यास वाट काय ती या दोहोंच्या मधून. दाराच्या दोन्ही चौकटींवर पहारेकरी बसविल्याप्रमाणें ही रचना आहे. कोर्लईच्या पायथ्याशीं असलेल्या ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीजमिश्रित एक बोली घराघरांतून अद्याप बोलली जाते. राज्य गेलें त्याला पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. भाषा मात्र चुलीपाशीं टिकून राहिली. भाषा कोण सांभाळतें याचा हा धडा आमच्या भगिनीवाचकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा.

याच मुखांत मार्च १५०८ मध्यें एक आरमारी लढाई झाली. ईजिप्तच्या सुलतानाचें आणि गुजरातेंतील मलिक अयाझचें आरमार एका बाजूस, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेइदा याचा तरुण मुलगा लोरेंसु दुसऱ्या बाजूस. लोरेंसुच्या जहाजांत पाणी शिरूं लागलें; तें प्रवाहाबरोबर वाहत जाऊन कोळ्यांनीं जाळ्यांसाठीं रोवलेल्या खांबांत अडकलें, आणि तेथेंच तो मारला गेला. तोफांनीं जें झालें नसतें, तें ओहोटीनें आणि कोळ्यांच्या खांबांनीं केलें. पुस्तकांत ही हकीकत वाचतांना खांबांत जहाज अडकतें म्हणजे काय, हें मुलांच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. खाडीच्या तोंडाशीं तसे खांब आजही रोवलेले दिसतात; ते दाखविले कीं निराळें सांगावें लागत नाहीं.

मुलाच्या मृत्यूनें चवताळलेला तो बाप त्याच वर्षाच्या अखेरीस आरमार घेऊन उत्तरेकडे निघाला, आणि वाटेंत त्यानें एक शहर जाळलें. तें शहर म्हणजे वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ. पुढें फेब्रुवारी १५०९ मध्यें दीवजवळ त्यानें शत्रूच्या आरमाराचा पराभव केला, व पश्चिम समुद्रावरील पोर्तुगीजांचें वर्चस्व तेथून दृढ झालें. चौलच्या खाडींतील घटनेचा जाळ दाभोळच्या खाडीस लागला तो असा. समुद्र हाच रस्ता असलेल्या काळीं हीं दोन गांवें शेजारीं होतीं.

दाभोळ हें बहमनी राज्याचें मुख्य बंदर होतें. इराणच्या गीलान प्रांतांतून आलेला महमूद गावान, जो पुढें त्या राज्याचा वजीर झाला, तो पंधराव्या शतकाच्या मध्यास येथेंच उतरला. तांबडा समुद्र आणि इराणचें आखात येथपर्यंत येथील गलबतें जात. आज दाभोळास गेलेला मनुष्य विचारतो, "एवढें मोठें शहर होतें, तें मावत कोठें होतें?" प्रश्न योग्य आहे. पण त्याचें उत्तर मिळविण्यासाठीं दाभोळांत उभें राहून उपयोग नाहीं. दाभोळहून पलीकडे धोपाव्यास जाणाऱ्या फेरीबोटींत चढलें पाहिजे. ही बोट २००३ सालापासून माणसें आणि मोटारी दोन्ही नेते. पुष्कळ प्रवासी मोटारींतच बसून राहतात; तसें करूं नये. खालीं उतरून कठड्याशीं उभें राहावें आणि पाठीमागें पाहावें. मागें उभा डोंगर, पुढें पाणी, आणि दोहोंच्या मध्यें पदराच्या काठाएवढी सपाट जमीन. धक्क्याजवळच सतराव्या शतकांतील विजापुरी धाटणीच्या मशिदीचा घुमट आणि मनोरे पाण्याच्या काठीं उभे दिसतात. या गांवाला शेतीनें जगविणें शक्यच नव्हतें. पोट भरावयाचें तें पाण्यानें, आणि सजावयाचें तेंही पाण्यावरून येणाऱ्यासाठीं. दक्षिण तीरावर, मुखाच्या बाजूस, अंजनवेलचा गोपाळगड दिसतो. म्हणजे येथेंही दाराशीं पहारेकरी आहेच. हा सारा देखावा पाव तासांत संपतो. पण एका तासाच्या इतिहासाच्या पाठानें जें साधत नाहीं, तें त्या पाव तासांत साधतें, हें आम्ही अनुभवानें सांगतों.

दाभोळची जोडीदारीण चिपळूण सुमारें पंचवीस मैल आंत आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण परशुरामाच्या दर्शनास जातात. दर्शन झाल्यावर त्यांनीं डोंगराच्या कडेला उभें राहून एकदां खालीं पाहावें. सापासारखी वळणें घेत समुद्राकडे जाणारी खाडी, काठची कांदळवनें, आणि चिपळूणच्या अलीकडे वळणावर राखण करीत बसलेला गोवळकोट, असें सर्व एका दृष्टिक्षेपांत येतें. भरती जेथें दमते, तेथें गोवळकोटचें बंदर. आणि तेथून घाट. या खाडीच्या चिखलावर हिंवाळ्यांत मगरी ऊन खात पडलेल्या असतात. त्या दाखविण्यास होड्या नेतात. मुलें मगरींसाठीं जातील. त्यांना जाऊं द्यावें. वडील माणसांनीं मात्र हाताची ओंजळ पाण्यांत बुडविण्याचा मोह आवरावा, आणि मुलांचाही आवरवावा! आणखी एक चमत्कार येथें सांगण्यासारखा आहे. कोयना ही पूर्वेकडे वाहणारी नदी. तिचें पाणी धरण बांधून अडविलें, डोंगराच्या पोटांतून पश्चिमेस आणलें, आणि वीज निर्माण करून झाल्यावर तें पोफळीच्या बाजूनें वाशिष्ठींत सोडलें. १९६२ सालापासून ही वीज निघूं लागली. बंगालच्या उपसागरास मिळावयाचें पाणी अशा रीतीनें दाभोळावरून अरबी समुद्रास मिळतें.

तिसरें उदाहरण पाण्यानें सोडून दिलेल्या गांवाचें आहे. राजापूर समुद्रापासून सुमारें पंधरा मैल आंत, अर्जुनेच्या काठीं. येथें १६४९ च्या सुमारास इंग्रजांनीं वखार घातली. १६६० सालीं शिवाजी महाराज पन्हाळ्यावर अडकले असतां याच वखारवाल्यांनीं सिद्दी जोहरास दारूगोळा पुरविला, आणि १६६१ सालीं महाराजांनीं राजापुरावर येऊन वखार खणून काढली व इंग्रजांस कैद केलें. त्या नुकसानीच्या भरपाईचें बोलणें १६७४ सालीं राज्याभिषेकास आलेल्या इंग्रज वकिलाच्या तोंडीं होतेंच. इतक्या आंत इंग्रज कां येऊन बसला? कारण त्या वेळीं भरती त्याला आंत आणीत होती, आणि घाटावरचा माल त्याच्या दाराशीं उतरत होता. पुढें डोंगर उघडे पडले, पावसाबरोबर माती नदींत आली, आणि खाडी भरत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अरबांचीं गलबतें अजून राजापूरच्या नांवानें येत. पण मोठ्या जहाजास जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैल दूरच थांबावें लागे. धक्का जागच्या जागीं राहिला, पाणी मागें सरलें. आज पावसाळ्यांत त्याच नद्यांचें पाणी राजापूरच्या बाजारांत शिरतें. पात्रांत न मावलेलें पाणी पेठेंत येतें, एवढाच त्याचा अर्थ. २२ जुलै २०२१ रोजीं चिपळुणास जो महापूर आला, त्यानंतर वाशिष्ठींतील गाळ काढण्याचें काम हातीं घ्यावें लागलें, हेंही याच जातीचें उदाहरण. तेव्हां खाडीचा गाळ हा केवळ इतिहासाचा विषय नव्हे, घराच्या उंबरठ्याचा आहे.

आतां फार दिवस कां लावूं नयेत तें सांगतों. एके काळीं मुंबईहून निघालेल्या आगबोटी कोंकणांतील बंदरें घेत गोव्यापर्यंत जात. त्या बंद पडल्या. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली. मोटाररस्ते तर आधींच झाले होते. आज सामान्य प्रवाशास खाडी ओलांडण्यासाठीं ज्या मोठ्या फेरीबोटी मिळतात त्या मोजक्याच: आगरदांडा ते दिघी, बागमांडलें ते वेसवी, दाभोळ ते धोपावें, तवसाळ ते जयगड. रेवसपासून रेडीपर्यंत जो सागरी महामार्ग व्हावयाचा आहे, त्याच्या योजनेंत या खाड्यांवर पूल आहेत. पूल झाले कीं मोटार थांबण्याचें कारण उरणार नाहीं, मोटार थांबली नाहीं तर बोटीस उतारू मिळणार नाहीं, आणि उतारू नसेल तर बोट चालणार नाहीं.

तर मग पूल नकोत काय? असा प्रश्न आम्हीं एकदां दाभोळच्या बोटीवरील एका वृद्ध तांडेलास सहज विचारला. आमची अपेक्षा होती कीं तो पुलाविरुद्ध बोलेल. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही पाहायला येता. आम्हांला रात्री अपरात्री बाळंतीण न्यायची असते. शेवटची बोट गेली की मग काय करायचं, ते तुम्हीच सांगा." या उत्तरापुढें आम्हांस बोलण्यासारखें कांहीं नव्हतें. समुद्राचें आणि खाडीचें कौतुक करतांना १७ जुलै १९४७ चा दिवसही विसरून चालणार नाहीं. त्या दिवशीं मुंबईहून रेवसकडे निघालेली "रामदास" ही आगबोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ज्यांच्या घरचीं माणसें पाण्यानें नेलीं, त्यांना पाण्याच्या वाटेचें काव्य कोणीं ऐकवूं नये. पूल अवश्य व्हावेत.

मात्र पूल झाला म्हणजे बोट मेलीच पाहिजे असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नावध्यक्ष या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तरी कोठें असाव्या, कोणाकडून किती घ्यावें, याचा त्यांत तपशील आहे. आणि बाल, वृद्ध, रोगी, गर्भिणी यांना, तसेंच ब्राह्मण, संन्यासी आणि राजाचे जासूद यांना नावध्यक्षाच्या मुद्रेवर मोफत उतरून द्यावें असें सांगितलें आहे. तात्पर्य, तर चालविणें हा केवळ धंदा नव्हे, राज्याचें कर्तव्यही आहे, हा विचार आपल्याकडे जुना आहे. आणि उतारूंना सोय वाटली तर बोट आपल्या पायांवरही उभी राहते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी नेणारी बोट मार्च २०२० पासून सुरू झाली. रस्ता असूनही लोक तींतून जातात, कारण वेळ वांचतो. दाभोळसारख्या ठिकाणीं वेळ वांचणार नाहीं. तेथें मुलांना गांव दाखविण्यासाठीं, शाळांच्या सहलींसाठीं, दिवसांतून दोन खेपा तरी राहाव्यात, अशी मागणी गांवच्या मंडळींनीं आतांपासून करावयास हवी. बोट एकदां विकली गेली, खलाशी दुसऱ्या कामास लागले, म्हणजे ती पुन्हा उभी करणें कठीण.

जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. पावसाळ्यांत लहान होड्या बंद असतात. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. निघण्यापूर्वीं घरांतलें पंचांग पाहावें. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानानें निघते: षष्ठीस साडेचार, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. हें दोन्ही पक्षांस आणि दिवसरात्रीं दोन्ही वेळांस लागू आहे. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. लहान होडींतून खाडी पाहावयाची तर भरती चढत असतांना आंत जावें. ओहोटींत होडी चिखलांत रुतण्याचा संभव असतो. मोठ्या फेरीबोटीस ही अडचण सहसा नसते. होडींत माणसें फार झालीं असें दिसलें तर पुढच्या खेपेची वाट पाहावी. गळ्यांत अडकवावयाचीं जाकिटें मागून घ्यावीं, आणि तीं मुलांइतकींच आजोबांनींही घालावीं.

मुरूडला जाणारांनीं राजपुरीहून शिडाच्या होडीनें जंजिऱ्यास जरूर जावें. संभाजी महाराजांनीं १६८२ सालीं समुद्रांत बांध घालून हा किल्ला घेण्याचा प्रयत्न केला होता. होडी अगदीं तटापाशीं जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा कोठें आहे हें कळत नाहीं. तो अजिंक्य कां राहिला याचें एक कारण तेथेंच सांपडतें.

शेवटीं मुलांसाठीं एक गृहपाठ. बोटींत बसल्यावर त्यांच्या हातीं कागद-पेन्सिल द्यावी, आणि तीन गोष्टी टिपून घेण्यास सांगावें: गांवांतील सर्वांत जुन्या इमारतीचें तोंड कोणीकडे आहे; डोंगर पाण्याच्या किती जवळ आला आहे; आणि मुखाशीं राखण करणारा किल्ला कोणत्या तीरावर आहे. घरीं आल्यावर आजोबांच्या देखरेखीखालीं त्याचा एक नकाशा काढावा. या सुटींत ज्यांच्या घरीं असे नकाशे तयार होतील, त्यांनीं ते संपादकांच्या पत्त्यावर पाठवावेत. आम्ही ते तपासूं. गुण मात्र, जुनी संवय म्हणून, थोडे हात आंखडूनच देऊं.